आभाळाची बाजू

चादर अर्धी घडी होऊन अडकली होती.

डबल पलंगाची चादर एकट्या माणसाने घडी घालायची वस्तू नाही, हे सुईवालीला अलीकडे कळायला लागलं होतं. एक टोक हनुवटीखाली धरलं की दुसरं फरशी पुसतं, आणि फरशीवरचं उचलायला वाकलं की हनुवटीखालचं सुटतं. शेवटी तिने दोन कोपरे दाराच्या फटीत घातले, दार लावलं आणि उरलेले दोन धरून मागे सरकली. चादर छान ताणली गेली. आता समोरून कुणीतरी कोपरे घेऊन चालत यायला हवं होतं. दार काही चालत येत नाही. ती तशीच उभी राहिली.

"काय गं, दाराशी रस्सीखेच चाललीय का तुझी?" वन्संनी स्वयंपाकघरातून विचारलं. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. भाऊ गेल्याचं कळल्यावर आल्या त्या दोन बॅगा घेऊन, आणि तेव्हापासून घरातला आवाज म्हणजे वन्संचाच आवाज होता.

"घडी घालतेय."

"ठेव ती. आधी चहा घे, निवतोय. आणि मी काय म्हणते, एकदा रडून घे. मन हलकं होतं."

"येत नाही वन्सं."

"येत नाही म्हणजे? शिंक आहे का ती?"

सुईवालीने यावर विचार करून पाहिला. शिंकेसारखंच होतं खरं. येणार येणार असं वाटायचं, आणि मग काहीच नाही. तिने चादर तशीच अर्धी दुमडून खुर्चीच्या पाठीवर टाकली, निवलेला चहा प्यायली, देवापुढे हात जोडले. हात रोजच्या सवयीने जोडले जायचे, पण काय मागायचं ते मात्र सुचायचं नाही. देवालाही काही घाई दिसत नव्हती. मग ती डबा घेऊन कामावर निघाली.

तिचं काम संग्रहालयाच्या तळघरात. वर मोठ्या दालनात शाळेची पोरं डायनासोरच्या सांगाड्याखाली उभी राहून आ वासतात, त्याच्या बरोबर खाली एक लांबट, थंड खोली आहे. तिला सगळे हाडखाना म्हणतात. सुईवाली तिथे बसून हाडांना चिकटलेली माती सुईने काढते. डोळ्यावर भिंग, हातात सुई, शेजारी मऊ ब्रश. एवढाल्या राक्षसी देहावरची माती तांदळाएवढ्या कणाकणाने खरडणं चालतं, आणि एका पायाच्या बोटात हिवाळा निघून जातो. म्हणून ती सुईवाली.

तिचा नवरा पोतेवाला. तो बाहेरगावी, उघड्या माळावर, हाडं जमिनीतून काढायचा. तो बांधून पाठवायचा आणि ही सोडवायची. दोघांचा संसार असा एकाच गाठीच्या दोन टोकांना चालला. मूलबाळ झालं नाही. देवाने दिलं नाही, मागायचंही मग त्यांनी थांबवलं.

हाड जमिनीतून नुसतं उपटत नाहीत. कोट्यवधी वर्षांत त्याचा दगड झाला असला तरी ते भिजल्या बिस्किटासारखं हातात तुटतं. आधी वरची माती काढून हाडाची पाठ उघडी करायची आणि तिला पातळ गोंद पाजायचा. त्यावर ओल्या कागदाचा थर. कागदावर प्लास्टरच्या सरबरीत पिठात बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. ही झाली टोपी. टोपी वाळली की खालून माती पोखरत जायचं आणि सगळं मातीसकट उलटं करायचं, साच्यातला केक ताटलीत उलटा पाडतात तसं. मग उघड्या पडलेल्या मातीवर प्लास्टरचा आणखी एक पातळ हात. हे झालं पोट. टोपी आणि पोट मिळून झालं बंडल.

हाडखान्यात बंडल टोपीवर बसवतात. पोट वर करतात, कापतात आणि फेकून देतात. मग वरून माती काढत काढत हाडापर्यंत उतरतात. टोपी मात्र टाकत नाहीत. ती हाडाच्या मापाचीच असते, तीच त्याची कायमची गादी. चुकून टोपीला करवत लागली तर गादी तडकते, हाड सुट्या मातीवर बसतं, माती सरकते, आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर भुगा.

म्हणून एक जुना रिवाज आहे. जमिनीत असताना जी बाजू आभाळाकडे होती, तिच्यावर, म्हणजे टोपीवर, काळ्या शाईने ठसठशीत लिहायचं, ‘आभाळ’. ‘वर’ असं लिहीत नाहीत, कारण बंडल फिरलं की वरची बाजू खाली जाते. आभाळ आपलं एकच.

पोतेवाला हे लिहायचा अगदी शेवटी. बंडल झालं, हात धुतले, बसून चहा घेतला, की मग शाईची पेन्सिल काढायचा. तोवर बंडल उलटं होऊन पडलेलं असायचं. समोर दिसायचं ते पोट. आणि हा पोटावरच लिहून मोकळा, आभाळ.

"अहो, आभाळ कुठे होतं याचं?" ती पहिल्या वर्षी म्हणाली होती.

"हे काय, डोक्यावर."

त्या वर्षी एक मांडीचं हाड भुगा झालं. पुढच्या वर्षीही त्याने पोटावरच लिहिलं. रागावून झालं, समजावून झालं, मोठ्या बाईंनी बोलावून सांगून झालं. माणूस कामाला सोन्यासारखा, टोपी अशी घालायचा की हाडाला धक्का नाही, पण ही एक खोड जाईना. शेवटी सगळे शहाणे झाले. पोतेवाल्याचं आभाळ म्हणजे जमीन, हे हाडखान्यात पाठ झालं. त्याचं बंडल आलं की सरळ लिहिलेल्या बाजूला करवत लावायची. त्यामुळे त्याचं हस्ताक्षर कधी टिकलं नाही. जितक्यांदा लिहिलं तितक्यांदा ते पोटाबरोबर कचऱ्याच्या पिंपात गेलं.

या वेळी तो माळावर गेला तो जबड्यासाठी. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या त्या थोरल्या जनावराचं सगळं सापडतं, मान सापडते, शेपूट सापडतं, डोकं मात्र सापडत नाही. एवढ्या मोठ्या देहाला डोकं अगदी लहान, त्यात पातळ हाडं. आधी तेच गळून वाहून जातं. दातही लहान आणि बारीक, पेन्सिलीच्या तुकड्यांसारखे. चावायचं नावच नाही, पाला ओरबाडायचा आणि गिळायचा.

"तुझ्या भावासारखं," पोतेवाला म्हणायचा.

"माझा भाऊ निदान ताट तरी धुतो," ती म्हणायची.

एका जुन्या नदीच्या काठी, चिखलात, खालचा जबडा दातांसकट दिसला होता. नदी तर कधीच आटून दगड झालेली. तो निघायच्या सकाळी दोघं चादरीची घडी घालत होती. ती एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. तेव्हा ती म्हणाली होती, "जबडा आहे. या वेळी तरी आभाळ टोपीवर लिहा. टोपी झाल्या झाल्या, चहाच्या आधी. मी इथे आहे म्हणून तुमचं उलटं सुलटं वाचून घेते. उद्या मी नसले तर कोण वाचणार?"

"हं," तो म्हणाला, आणि त्याच्या हातून चादरीचा कोपरा सुटला.

ती चिडली होती. आता कशावर चिडली तेही नीट आठवत नव्हतं, कोपऱ्यावर की हं वर. त्याचे हं तिने संसारात एकेक करून ओळखून घेतले होते. मीठ जास्त झालंय हा एक. पाहुणे कधी जाणार हा एक. ऐकतोय हा एक, आणि ऐकत नाही हा एक. या शेवटच्या दोघांत मात्र तिची नेहमी गफलत व्हायची. ते जुळे भाऊ होते.

माळावर तंबूत दुपारचा आडवा झाला तो पोतेवाला उठलाच नाही. हृदय बंद पडलं म्हणाले. आधी त्याला आणलं. त्याचं बंडल आलं नंतर, ट्रकमधून, बाकीच्या सामानाबरोबर.

ते बंडल आता हाडखान्यात मधल्या टेबलावर होतं. मोठ्या उशीएवढं, पांढरं, गोणपाटाच्या सुरकुत्या असलेलं. एका बाजूवर त्याच्या हाताने लिहिलेलं, आभाळ. एरवी काठ बघून कळतं की टोपी कुठली, पोट कुठलं. पोटाचं प्लास्टर टोपीच्या काठावर चढलेलं असतं. पण तो गेल्यावर माळावर सगळ्यांचीच धांदल उडाली. वाटेत तडकायला नको म्हणून कुणीतरी काठाभोवती जाड प्लास्टरची पट्टी गुंडाळून टाकली. काठ झाकला गेला. ते बंडल उलटं करायला दोन माणसं हाताशी होती, पण त्यांनी हात लावला आणि ती आपल्या खड्ड्याकडे गेली. लिहिताना कुणी पाहिलं नव्हतं. पुढे ट्रकमध्ये चढवताना-उतरवताना बंडल किती कुशींवर वळलं, देव जाणे.

बंडल आल्यापासून सुईवाली त्याच्या शेजारी बसून आपलं दुसरं काम करत होती, कुणा दुसऱ्या जनावराचा मणका. परवा सुई अंगठ्यात गेली. तिला कळलं ते मणक्यावर लाल थेंब दिसल्यावर. दुखलं नव्हतं. तिने थेंब पुसला, भिंग पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली.

मोठ्या बाई आज सकाळीच खाली आल्या. त्या या विभागाच्या प्रमुख. नवऱ्याबायकोला दोघांनाही त्यांनीच कामावर घेतलं होतं. त्यांनी बंडलावर हात ठेवला, मग नाकाशी नेला.

"ओल धरतंय. आता थांबता येणार नाही. तुला नको असेल तर मी उघडते."

"मी उघडते."

"बरं." मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. "त्याचंच आहे, म्हणजे आभाळावर करवत. नेहमीसारखं."

सुईवालीने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय?"

"कदाचित या वेळी सरळ असेल."

"कशावरून?"

"मी सांगितलं होतं जाताना. टोपी झाल्या झाल्या लिहा म्हणून."

"मग तो काय म्हणाला?"

"हं म्हणाले."

मोठ्या बाई स्टुलावर बसल्या. "आमच्याकडचेही तेवढंच म्हणतात. बाई, त्या हं वर मी शिंकंही टांगणार नाही, तू जबडा टांगतेयस. असा जबडा मी अख्ख्या नोकरीत पाहिलेला नाही. वरच्या दालनातल्या त्या जनावराचं डोकं आपण अंदाजाने केलंय, तुला माहीत आहे. हा फुटला तर पुन्हा अंदाजच."

"शाई बघा," सुईवाली म्हणाली.

दोघी वाकल्या. एरवी पोतेवाल्याची अक्षरं कापलेल्या नखासारखी स्वच्छ असायची, कारण प्लास्टर वाळून टणक झालेलं असायचं. या अक्षरांच्या कडा फुटल्या होत्या. शाई आजूबाजूला पसरली होती, ओल्या कागदावर पसरते तशी.

"ओल्यावर लिहिलंय," सुईवाली म्हणाली. "चहाच्या आधी."

"किंवा नंतर ओल लागून पसरली. आत्ताच मी ओलीचा वास घेतला."

"किंवा तसंही."

"किंवा चहाच्या आधी लिहिलं, पण पोटावरच लिहिलं."

"तेही होईल."

मोठ्या बाईंनी बराच वेळ अक्षरांकडे पाहिलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. एका बाजूला माणसाची जन्मभराची खोड, दुसऱ्या बाजूला एक हं आणि पसरलेली शाई. कुणी शहाणा माणूस तराजू घेऊन बसला असता तर पारडं कुठे गेलं असतं हे सांगायला नको. हॉस्पिटलच्या यंत्रात फोटो काढून बघावा तर मागे एकदा तसं केलं होतं, आतली ओली माती सगळी एकसारखी करडी दिसली होती.

"तुला काय वाटतं?" मोठ्या बाईंनी शेवटी विचारलं.

खरं सांगायचं तर तिला काही वाटत नव्हतं. कित्येक दिवसांत तिला कशाबद्दल काही वाटलं नव्हतं. तो खाली आहे की वर, देवापाशी आहे की नुसता नाही, याबद्दलही नाही. फक्त एवढंच होतं की ती करवत घेऊन त्या अक्षरांवर ठेवायची म्हटली की हात पुढे जात नव्हता. दुखत नव्हता, नुसता जात नव्हता. आणि हाताचं ती आजवर ऐकत आली होती. हाडावर सुई कुठे थांबवायची हे डोळ्याआधी हाताला कळतं.

"उलटं करू या," ती म्हणाली. "अक्षरं खाली."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले, उघडले. "धर."

एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मोठ्या बाई. बंडल भलतंच जड होतं. दोघींनी ते उभं केलं, क्षणभर छातीशी धरलं आणि हळूहळू पलीकडे निजवलं. अक्षरं खाली गेली. खाली वाळूच्या पिशव्या लावल्या. आता वर आली ती कोरी, पांढरी बाजू.

तिने छोटी गोल करवत घेतली, मोडलेल्या हाताचं प्लास्टर कापायला दवाखान्यात असते तसली. सगळं एकदम कापायचं नाही, आधी काडेपेटीएवढी खिडकी पाडायची. तीही सोपी गोष्ट नव्हे. ही टोपी निघाली तर गादीला भोक पडलंच. करवत घरघरली. पांढरी धूळ उडून तिच्या भुवयांवर बसली. मोठ्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात चष्म्याची काडी होती, नुसती काडी. चष्मा टेबलावर पडला होता.

प्लास्टरचा तुकडा सैल झाला. तिने तो सुईने उचलला. खाली गोणपाटाचे धागे. धागे कापले. खाली कागद असेल आणि त्याखाली गोंदाने चकाकणारं टणक हाड असेल, तर ती टोपी, आणि सगळं चुकलं.

तिने बोट घातलं.

माती होती.

साधी, करडी, भुसभुशीत, थोडी ओली. नदीकाठची. बोट आत गेलं आणि मातीने ते पेरापर्यंत घेतलं. तिने बोट बाहेर काढलं, पाहिलं, पुन्हा घातलं.

"काय आहे?" मोठ्या बाईंनी भिंतीपासूनच विचारलं.

"माती."

मोठ्या बाई पुढे आल्या नाहीत. तिथेच भिंतीला टेकून खाली उकिडव्या बसल्या. जराशाने म्हणाल्या, "ऐकलं म्हणायचं त्याने."

"हं," सुईवाली म्हणाली.

पुढचं काम नेहमीचं. पोटाचं प्लास्टर कडेकडेने कापून निघालं, पिंपात गेलं. ते कोरंच होतं. माती चमच्याने, मग ब्रशने, मग सुईने. जेवणाची वेळ होऊन गेली, डबा तसाच राहिला. दुपार कलताना मातीतून एक टोक वर आलं, तपकिरी, गुळगुळीत, पेन्सिलीच्या टोकाएवढं. एक दात. कुठल्याशा सकाळी या दाताने पाला ओरबाडला असेल, तेव्हा या पृथ्वीवर ते बघायला माणूस नव्हता, बघणारा एक देवच. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. जनावर मेलं, नदी आली, चिखल बसला, आणि दात राहिला. सुईवालीने त्याच्याभोवतीची माती टिपली आणि काही वेळ सुई बाजूला ठेवली.

खाली, वाळूच्या पिशव्यांवर, टोपी होती. तिच्यावरची अक्षरं आता दिसत नव्हती आणि यापुढे दिसणारही नव्हती. जबडा तिच्यात निजेल, तो जाईल त्या कपाटात ती जाईल. उलटून बघायचं कुणाला कारण पडणार नाही.

मोठ्या बाई वर जाताना थांबल्या. "घरी जा आज लवकर."

"दुसरा दात दिसतोय."

"तो कुठे पळत नाही. इतकी वर्षं थांबला."

घरी वन्संनी दार उघडलं आणि तिच्या भुवया बघून म्हणाल्या, "म्हातारी झालीस का एका दिवसात? पीठ काय हे?"

"प्लास्टर. बंडल उघडलं."

वन्सं गप्प झाल्या. त्यांना गप्प बसलेलं सुईवालीने पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "रडलीस?"

"नाही."

"अगं मग…"

"सरळ लिहिलं होतं त्यांनी, वन्सं. चहाच्या आधी."

वन्संना यातलं काही कळलं नाही. भाऊ हाडं बांधतो आणि वहिनी हाडं सोडते, एवढंच त्यांना माहीत. पण त्या मान हलवत राहिल्या, जणू आधी कुणी येऊन त्यांना हे सांगून गेलं होतं. मग त्यांचं लक्ष खुर्चीच्या पाठीवर गेलं.

"ही चादर सकाळपासून अशीच आहे. ये, धर तिकडून."

सुईवालीने दोन कोपरे धरले, वन्संनी दोन. वन्संनी अशी ओढली की ती दोन पावलं पुढे गेली.

"हळू, फाटेल."

"फाटत नाही. माझ्या आईच्या घरची आहे, फाटेल कशी. नीट धर. तुझा नवरा लहानपणी अस्साच कोपरा सोडायचा, आणि मी पडायचे मागे. त्याला वाटायचं मी मुद्दाम पडते."

"मग?"

"मग काय, रडायचा. मी पडले आणि हा रडायचा." वन्सं कोपरे घेऊन चालत आल्या, तिच्या बोटांत दिले, खालची घडी उचलली, पुन्हा मागे गेल्या. "रडका होता मेला."

चादर लहान लहान होत गेली. शेवटची घडी वन्संनी पोटाशी धरून दाबली आणि कपाटात ठेवली. सुईवालीने भुवया पुसल्या. डोळे कोरडे होते, अजून. तिने दात आठवून पाहिला. दुसरा दात पहिल्याला अगदी चिकटून होता, मधल्या फटीत तिच्याकडच्या सुया जाणार नव्हत्या. परवाच्या सुईचं टोकही वाकलं होतं.

"आता कुठे?" वन्संनी विचारलं.

तिने पिशवी घेतली, चपला घातल्या. कोपऱ्यावरचं शिवणाच्या सामानाचं दुकान बंद व्हायच्या आत बारीक सुयांचं एक पाकीट आणायचं होतं.